जवारी : मिरजेची आणि विलायतेची

संगीताचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार गवयांच्या घराण्यांचा वृत्तान्त मोठ्या हौसेने देतात. परंतु ज्या नादावर ते गाणे उभे राहते, तो सिद्ध करणाऱ्या कारागिरांस त्यांत दोन ओळीही मिळत नाहीत. ही उणीव आम्हांस फार दिवस खुपत आली आहे.

मिरजेचे तंबोरे करणारे मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांस धार लावणारे. इंग्रजी अमलांत तलवारींचे काम उतरले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांनी हा कसबी हात वाद्यांकडे वळविला. पुढे पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय लाभला. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येई. कानस मात्र हातांत राहिली. पोलादाच्या जागी घोडीचे हाड आले, इतकेच.

या घोडीवरच सारे रहस्य आहे. तिचा माथा सपाट दिसला तरी त्यास किंचित उतार असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. तिच्याखाली सुताचा धागा सरकवून ही जागा केसभर पुढेमागे करावयाची. यालाच जवारी काढणे म्हणतात. कानस जरा अधिक चालली की स्वराचा भणभणाट होतो, कमी चालली की तार मुकी राहते. मिरजेस वास्तव्य केलेले अब्दुल करीमखाँसाहेब (मृत्यू 1937) हे स्वतः या कामांत निष्णात होते, हे अनेक रसिकांस ठाऊकही नसेल.

1921 साली चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी या घोडीची शास्त्रीय परीक्षा केली. तार ज्या ठिकाणी छेडावी, तेथे ज्या उपस्वरांचा कंप शून्य असतो ते उमटू नयेत, असा पाश्चात्त्य नियम. तंबोऱ्यांत मात्र तेही उमटतात, असे त्यांस आढळले. शिकलगारांच्या कानस-कानाने हे आधीच साधले होते!

याच नादाचे विलायती भावंड आमच्या महाविद्यालयांतील तरुण रात्रंदिवस ऐकत असतात. हेवी रॉक म्हणून जे संगीत आहे, त्यांतील ताल धरणाऱ्या गिटारीचा घोगरा नाद उपस्वरांच्याच गर्दीने बनतो; फरक एवढाच, की तेथे त्या घोडीवर उपजत नाहीत. ध्वनिवर्धकांत विजेचा प्रवाह पेलेनासा झाला की लहरीचे शेंडे छाटले जातात, आणि त्यांतून नवे उपस्वर निघतात. किंक्स मंडळींतील डेव्ह डेव्हिस याने 1964 च्या सुमारास कर्ण्याचा पडदाच पात्याने चिरून हा परिणाम साधला. बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीची बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यांत तुटली. म्हणून त्याने तारा पातळ घेतल्या, पुढे त्या सैल करून स्वरही उतरविला, आणि त्या उतरलेल्या स्वराचीच पुढे शैली झाली. लोखंडाशी नाते तेथेही आहेच.

या गिटारींत बहुधा षड्ज-पंचमच वाजतात. विलायती समस्वरक्रमांतील पंचम जवळजवळ शुद्ध असतो, पण गंधार बराच चढा. उपस्वर वाढले की त्याची विसंगती उघडी पडते व नाद गढूळ होतो. आपल्या तंबोऱ्यांतही तारा पंचम, जोड व खर्ज याच असाव्यात, हा योगायोग आम्हांस साधा वाटत नाही.

तथापि प्रयोजन भिन्न आहे. तंबोऱ्याने अखंड झंकारावे, तर ताल देणाऱ्या गिटारीचा प्रत्येक आघात सुटा ऐकू यावा. नवशिके 'गेन'ची कळ शेवटापर्यंत फिरवितात. मग आघात एकमेकांत विरघळतात. मधल्या पट्टीचे स्वर काढून टाकले, तर घरी एकट्याने गोड वाटणारा नाद मेळ्यांत बुडून जातो. जाणता वादक कळ थोडी मागे घेतो, मधले स्वर राखतो, आणि खालची जागा बेस गिटारीस सोडतो.

2024 साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु रियाजाच्या खोलींत आता बहुधा विजेवर चालणारी पेटी वाजते, आणि तिच्यांत जवारी काढण्यास कोणी कारागीर लागत नाही. मिरजेच्या दुकानांत मात्र गिऱ्हाईक आले, की कारागीर आधी त्याची पट्टी विचारतो, आणि मगच कानस हातांत घेतो.