ग्रहांना रंग कोणी दिला?

आपल्याकडे ग्रहांचे रंग फार पूर्वीच ठरून गेलेले आहेत. मंगळ तांबडा, म्हणून त्याला पोवळे, गुरू पिवळा, म्हणून पुष्कराज, शनीला नीलम. यांपैकी मंगळाचा तांबूसपणा नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. शनीचा निळा-काळा रंग मात्र कोणी पाहून ठरवलेला नाही. दुर्बिणीतून शनी फिकट पिवळाच दिसतो. पाहिलेला रंग आणि दिलेला रंग यांची सरमिसळ अशी जुनीच आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रहांना रंग देण्याचे काम दूरचित्रवाणीकडे गेले. ते तिने कसे केले, याचा हा मागोवा.

२४ एप्रिल १९५७ रोजी बीबीसीवर ‘द स्काय ॲट नाइट’ हा कार्यक्रम सुरू झाला. पहिला स्पुटनिक उडायला अजून पाच महिने होते. सूत्रधार पॅट्रिक मूर हे विद्यापीठाची पदवी नसलेले हौशी निरीक्षक. डिसेंबर २०१२मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे पंचावन्न वर्षे, त्यांनी तो चालवला. सुरुवातीच्या काळात दाखवायला ग्रहांची चित्रे जवळजवळ नव्हतीच. होते ते दुर्बिणीतले अंधूक गोळे, हातांनी काढलेले नकाशे आणि मूर यांचे झपाट्याचे बोलणे. त्याच वर्षीच्या ४ डिसेंबरला अमेरिकेत डिस्नेचा ‘मार्स अँड बियाँड’ दाखवला गेला. त्यात वॉर्ड किंबल यांच्या चित्रकारांनी मंगळावरची चमत्कारिक झाडे आणि प्राणी रंगवले होते. एकाच वर्षातल्या या दोन कार्यक्रमांत पुढच्या सगळ्या ग्रहपटांच्या दोन वाटा दिसतात : जे दिसते त्याविषयी बोलणे आणि जे दिसत नाही ते रंगवून दाखवणे. पुढे या वाटा इतक्या मिसळल्या, की प्रेक्षकाला त्या वेगळ्या ओळखता येईनात.

या मिसळण्याचा पहिला प्रसंग जुलै १९६५चा. मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेले आणि त्याने बावीस छायाचित्रे टिपली. त्यांतले शेवटचे अपुरे. प्रत्येक चित्र २०० बाय २०० ठिपक्यांचे, प्रत्येक ठिपक्याला उजेडाच्या ६४ पातळ्यांपैकी एक आकडा. यान सेकंदाला जेमतेम आठ बिट पाठवत होते, त्यामुळे एक चित्र उतरायला आठ तास लागत. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत, म्हणजे जेपीएलमध्ये, रिचर्ड ग्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांना धाकधूक होती ती यानावरच्या टेपरेकॉर्डरची. संगणकावर चित्र तयार होईपर्यंत त्यांना दम निघेना. त्यांनी आकड्यांच्या छापील पट्ट्या भिंतीवर शेजारी शेजारी लावल्या, रंगीत खडू आणले आणि आकड्यांनुसार रंग भरायला सुरुवात केली. त्यांना हव्या होत्या करड्या छटा, पण दुकानात मिळाले रंगीत खडू. मग पिवळा, तपकिरी, तांबूस असे रंग निवडले गेले. मंगळाच्या कडेचा एक तुकडा त्या भिंतीवर उमटला. दूरचित्रवाणीवर दिसलेले मंगळाचे पहिले जवळचे चित्र हेच, असे तिथले लोक सांगत आले आहेत. चित्रातला आकार यानाने मोजलेला होता, रंग मात्र खडूच्या पेटीतला होता. तो चौकटीत बसवलेला कागद जेपीएलने आजही जपून ठेवला आहे.

अकरा वर्षांनी, २० जुलै १९७६ रोजी, व्हायकिंग १ मंगळावर उतरले. दुसऱ्या दिवशी पहिले रंगीत चित्र आले, त्यात आकाश निळसर होते. ते सगळीकडे प्रसिद्ध झाले. मग शास्त्रज्ञांनी रंग पुन्हा जुळवून पाहिले. हवेत तरंगणाऱ्या लाल धुळीमुळे मंगळाचे आकाश गुलाबीसर निघाले. जेम्स पोलॅक यांनी ही दुरुस्ती जाहीर केली, तेव्हा जमलेल्या वार्ताहरांनी गमतीने हुर्यो उडवली, अशी आठवण कार्ल सेगन यांनी नोंदवली आहे. लोकांना मंगळ पृथ्वीसारखा हवा होता. चूक शास्त्रज्ञांनीच पकडली आणि लगेच सुधारली, हे खरे. पण तिच्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कॅमेऱ्यातून येतात ते आकडे. त्यांचे रंगांत भाषांतर करताना भाषांतरकाराच्या मनातले आकाश त्यात उतरू शकते.

सेगन यांची ‘कॉसमॉस’ ही तेरा भागांची मालिका २८ सप्टेंबर १९८०पासून अमेरिकेत दिसू लागली आणि पुढे जगभर गेली. तिच्यातल्या संगणकी दृश्यांत जिम ब्लिन यांचा मोठा वाटा होता. जेपीएलमध्ये त्यांनी व्हॉयेजर यानांच्या प्रवासाचे चलचित्रपट तयार केले होते. गुरूजवळून, शनीच्या कड्यांजवळून यान कसे जाईल, हे गणिताने अचूक काढून दाखवणारे. यान आपल्या डोळ्यांसमोरून जाते आहे, असे ते पाहताना वाटे. पण यानाचे छायाचित्र काढायला तिथे दुसरा कोणी नव्हताच. गणित खरे होते, पाहणारा डोळा कल्पित होता.

प्रक्रिया केलेले चित्र म्हणजे फसवणूक, असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. मार्च १९७९मध्ये जेपीएलमधल्या अभियंत्या लिंडा मोराबिटो गुरूच्या आयो या उपग्रहाचे चित्र तपासत होत्या. पाठीमागचा मंद तारा दिसावा म्हणून त्यांनी चित्राची उजळता वाढवली, तेव्हा आयोच्या कडेला छत्रीसारखा एक फिकट आकार दिसला. तो जागत्या ज्वालामुखीचा फवारा होता. पृथ्वीबाहेर असा ज्वालामुखी प्रथमच सापडला. चित्राला हात लावला नसता, तर तो निसटला असता. प्रश्न हात लावण्याचा नाही. काय केले ते सांगण्याचा आहे.

मॅगेलन यानाने १९९०पासून रडारच्या साहाय्याने शुक्राचा नकाशा केला. रडारला रंग कळत नाही. जेपीएलच्या चित्रांतला नारिंगी रंग व्हेनेरा १३ आणि १४ या सोव्हिएत यानांनी १९८२मध्ये शुक्राच्या जमिनीवरून पाठवलेल्या रंगीत चित्रांवरून घेतला होता. इथवर ठीक. पण माट मॉन्स या पर्वताच्या गाजलेल्या चित्रात उंची साडेबावीस पट ताणलेली होती. आजूबाजूच्या मैदानापासून सुमारे पाच किलोमीटर उंच आणि पायथ्याशी शेकडो किलोमीटर पसरलेला हा सौम्य उताराचा पर्वत पडद्यावर सुळक्यासारखा उभा राहिला. डेव्हिड मॉरिसन या ग्रहशास्त्रज्ञाने वैतागून ‘सपाट शुक्र मंडळ’ काढण्याची विनोदी हाक दिली. छापील चित्राखाली ताणाचा आकडा दिलेला असे. पण निवेदक आणि संगीत सुरू झाले की चित्राखालच्या ओळीला पडद्यावर जागा उरत नाही.

ही ओळ गळून पडण्याचे सर्वांत मोठे उदाहरण नेपच्यूनचे आहे. तो नवग्रहांत नाही, त्यामुळे परंपरेने त्याला रंग दिलेला नव्हता. ऑगस्ट १९८९मध्ये व्हॉयेजर २ त्याच्याजवळून गेले, तेव्हा अमेरिकेत पीबीएस वाहिनीने रात्रभर कार्यक्रम केला. ढग आणि वादळे नीट दिसावीत म्हणून नेपच्यूनच्या चित्रांतला रंगभेद वाढवला होता, त्यातून तो गडद निळा झाला. तेव्हाच्या टिपणांत याची नोंद होती. पुढे चित्र राहिले, टिपण हरवले. जानेवारी २०२४मध्ये ऑक्सफर्डचे पॅट्रिक अर्विन आणि सहकाऱ्यांनी हबल व व्हीएलटी या दुर्बिणींच्या निरीक्षणांवरून रंग नव्याने मोजले. युरेनस आणि नेपच्यून दोघेही फिकट हिरवट-निळे आहेत. नेपच्यून किंचित अधिक निळा, इतकेच. मधल्या पस्तीस वर्षांत एक अख्खी पिढी गडद निळा नेपच्यून पाहत मोठी झाली.

आपल्या मंगळयानावर अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने बनवलेला मार्स कलर कॅमेरा होता. यान २४ सप्टेंबर २०१४ रोजी कक्षेत पोचले आणि काही दिवसांतच सुमारे ७४,५०० किलोमीटरवरून घेतलेले मंगळाचे पूर्ण बिंब आपल्याला पाहायला मिळाले. त्या चित्रासोबत हे अंतर सांगितले गेले होते. तेवढ्या एका आकड्याने पाहणाऱ्याला कळते, की हे चित्र कोणीतरी एका ठिकाणाहून घेतलेले आहे.

आजच्या माहितीपटांत यानाने टिपलेले दृश्य आणि संगणकाने रचलेले दृश्य एका शिवणीने जोडलेले असते आणि शिवण दिसू नये याची काळजी घेतलेली असते. अशा काळात माहितीपटाकडून फार मोठी अपेक्षा नाही. पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ असावी : हे मोजलेले आहे, हे ताणलेले आहे, हे कल्पिलेले आहे. रिचर्ड ग्रम यांच्या कागदावर खडूखालचे आकडे अजून वाचता येतात. रंग कुठून आला हे त्यामुळे कोणालाही कळते, आणि म्हणूनच खडूने रंगवलेले ते चित्र प्रामाणिक आहे.