महिलांवरील हिंसाचार : राष्ट्रीय साहाय्य-यंत्रणा, तिचा समन्वय आणि धर्मग्रामाची जबाबदारी

२५ नोव्हेंबर हा दिवस जगभर महिलांवरील हिंसाचाराच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो. डॉमिनिकन प्रजासत्ताकात १९६० साली याच दिवशी हुकूमशाहीला विरोध करणाऱ्या तीन मिराबल भगिनींची हत्या झाली. त्यांच्या स्मरणार्थ संयुक्त राष्ट्र संघाच्या आमसभेने १९९९ साली या दिनाला अधिकृत मान्यता दिली. या दिवसापासून १० डिसेंबरच्या मानवी हक्क दिनापर्यंतचे सोळा दिवस जनजागृतीसाठी राखलेले असतात. तथापि संकटात सापडलेल्या स्त्रीला मदतीची गरज वर्षाच्या कोणत्याही रात्री भासू शकते. त्या वेळी आपल्या देशात कोणकोणती यंत्रणा उपलब्ध आहे, ती परस्परांशी कशी जोडलेली आहे आणि धर्मग्रामातील श्रद्धावंतांनी तिचा उपयोग कसा करून द्यावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

प्रश्नाचे स्वरूप

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, देशातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. महाराष्ट्रातील प्रमाण २५.२ टक्के, म्हणजे दर चार स्त्रियांमागे सुमारे एक, असे आहे. त्याच पाहणीतील दुसरा आकडा अधिक अस्वस्थ करणारा आहे. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितली. मदत मागणाऱ्यांतही बहुतेकींनी आपल्या माहेरचेच दार ठोठावले. पोलीस, डॉक्टर किंवा वकील यांच्यापर्यंत फारच थोड्या पोहोचल्या.

या मौनाला अनेक कारणे आहेत. ‘दिल्या घरी सुखी राहा’ हा लहानपणापासूनचा उपदेश, मुलांची काळजी, हाती पैसा नसणे आणि ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही लोकलज्जा ही त्यांपैकी काही होत. आणखी एक कारण मात्र यंत्रणेशी निगडित आहे. जिने एकदा धीर करून एक दार ठोठावले आणि जिला तेथून ‘हे आमचे काम नव्हे’ असे सांगून परत पाठवण्यात आले, ती स्त्री दुसऱ्या दाराकडे क्वचितच जाते.

समन्वय म्हणजे काय?

मारहाण होऊन रात्री घराबाहेर पडलेल्या स्त्रीला एकाच वेळी अनेक गोष्टींची गरज असते. जखमेवर उपचार हवे असतात. त्या जखमेची वैद्यकीय नोंद व्हावी लागते. पोलिसांचे संरक्षण, मुलांसह रात्र काढण्यासाठी सुरक्षित जागा, कायद्याचा सल्ला आणि पुढील काही महिन्यांचा उदरनिर्वाह हेही हवे असते. या गोष्टी आरोग्य, गृह, महिला व बालविकास आणि न्याय अशा निरनिराळ्या विभागांच्या अखत्यारीत येतात. प्रत्येक विभाग आपापल्या जागी चोख असला, तरी त्यांच्यामधील अंतर एकट्या स्त्रीने पायपीट करून कापायचे असेल, तर त्या मदतीचा तिला फारसा उपयोग होत नाही.

म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०१५ साली हिंसाग्रस्त स्त्रियांसाठी आवश्यक सेवांची जी चौकट प्रसिद्ध केली, तिच्यात आरोग्यसेवा, पोलीस व न्यायव्यवस्था आणि सामाजिक सेवा यांच्या जोडीला ‘समन्वय’ हा स्वतंत्र विषय मानला आहे. त्यामागील विचार साधा आहे. स्त्रीला आपली कहाणी पुन्हा पुन्हा सांगावी लागू नये, एका सेवकाने तिला दुसऱ्याच्या हाती सोपवावे आणि तिची सुरक्षितता व तिची संमती यांना प्रत्येक टप्प्यावर प्रथम स्थान मिळावे.

यंत्रणेची जडणघडण

भारतातील यंत्रणा टप्प्याटप्प्याने उभी राहिली. १९७२ साली विदर्भातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना दोषमुक्त केल्यावर देशभर आंदोलन झाले आणि १९८३ साली बलात्कारविषयक कायद्यात सुधारणा झाली. त्याच वर्षी विवाहितेच्या छळाविरुद्धचे कलम ४९८-अ भारतीय दंड संहितेत आले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांनी घेतली आहे.

विभागांना जोडण्याचे दोन महत्त्वाचे प्रयोग मुंबईत झाले. १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्यात येणाऱ्या स्त्रीला तेथेच प्रशिक्षित समाजसेविका भेटावी, हा त्यामागील हेतू होता. पुढे हा उपक्रम राज्यातील इतर जिल्ह्यांतही पोहोचला. २००० साली मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी वांद्रे येथील भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र उभारले. जखम घेऊन आलेली स्त्री ‘पडले’ असे सांगते, तेव्हा त्या उत्तरामागील हिंसा ओळखण्याचे शिक्षण डॉक्टर व परिचारिकांना देण्यात आले आणि समुपदेशन रुग्णालयाच्या आवारातच उपलब्ध झाले.

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये अहवाल दिला. त्या वर्षी कायद्यात सुधारणा झाली आणि निर्भया निधीची स्थापना झाली. बलात्कार किंवा आम्लहल्ला यांतील पीडितेवर सरकारी वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने तात्काळ विनामूल्य उपचार करणे तेव्हापासून बंधनकारक आहे. उपचार नाकारणे हा गुन्हा आहे.

२००५ चा कायदा : यंत्रणेचा कणा

‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. केवळ मारहाणच नव्हे, तर लैंगिक, शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळ यांचाही समावेश त्याने हिंसेत केला आहे. पत्नीबरोबरच आई, बहीण, मुलगी, विधवा सून अशा घरातील कोणत्याही स्त्रीला त्याचा आधार घेता येतो. त्यातील काही तरतुदी प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असायला हव्यात.

१. संरक्षण अधिकारी हा या व्यवस्थेतील मुख्य दुवा आहे. तो घटनेचा अहवाल तयार करून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतो आणि वैद्यकीय तपासणी, निवारा व कायदेविषयक मदत मिळवून देतो. ही सेवा विनामूल्य आहे.

२. हिंसेची माहिती शेजारी, नातेवाईक, शिक्षिका, धर्मगुरू अशी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्यास देऊ शकते. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल खटला भरता येत नाही.

३. स्त्रीला राहत्या घरातून बेकायदा बाहेर काढता येत नाही. घर पतीच्या वा सासऱ्याच्या नावावर असले, तरी तिचा निवासाचा हक्क केवळ त्या कारणाने नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले आहे.

४. अर्ज मिळाल्यापासून सर्वसाधारणपणे तीन दिवसांत पहिली सुनावणी आणि त्यानंतर साठ दिवसांत निकाल, असा प्रयत्न न्यायालयाने करावा, असे कायदा सांगतो.

याच कायद्याचे अकरावे कलम क्वचितच चर्चेत येते. विधी, गृह, आरोग्य आदी विभागांच्या सेवांमध्ये परिणामकारक समन्वय राखणे आणि त्याचा वेळोवेळी आढावा घेणे हे त्या कलमाने केंद्र व राज्य सरकारांचे कर्तव्य ठरवले आहे. म्हणजे समन्वय ही एखाद्या कनवाळू अधिकाऱ्याची मेहेरबानी नसून ते शासनाचे कायदेशीर दायित्व आहे.

एका छताखाली सेवा

या दायित्वाचे दृश्य रूप म्हणजे ‘सखी’ वन स्टॉप सेंटर. १ एप्रिल २०१५ पासून केंद्र सरकारने ही योजना सुरू केली. वैद्यकीय मदत, पोलीस तक्रारीसाठी साहाय्य, समुपदेशन, कायदेविषयक सल्ला आणि काही दिवसांचा तात्पुरता निवारा या सेवा तेथे एकत्र मिळतात. त्याच वर्षी १८१ या महिला हेल्पलाइनची योजनाही देशपातळीवर आली. २०२२ पासून या दोन्ही सेवा ‘मिशन शक्ती’ या व्यापक योजनेत अंतर्भूत झाल्या. दीर्घ मुक्कामाची निवारागृहेही याच योजनेत ‘शक्ती सदन’ या नावाखाली आणली गेली. महाराष्ट्रात बलात्कार व आम्लहल्ल्याच्या पीडितांना आर्थिक साहाय्य व पुनर्वसन देणारी ‘मनोधैर्य’ योजना २०१३ पासून आहे.

वकिलाच्या खर्चाची भीती अनेकींना रोखते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. त्यासाठी तालुका किंवा जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

साखळी कोठे तुटते?

कागदावरील ही रचना प्रत्यक्षात अनेक ठिकाणी विसविशीत आहे. सर्वांत कमकुवत कडी म्हणजे संरक्षण अधिकारी. अनेक ठिकाणी हे पद अन्य कामांच्या ओझ्याखाली असलेल्या अधिकाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून दिले जाते. कायदा लागू होऊन जवळजवळ एकोणीस वर्षे झाल्यावर, मे २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना जिल्हा व तालुका पातळीवर हे अधिकारी नेमण्याचा आदेश द्यावा लागला, यातच परिस्थिती स्पष्ट होते.

दुसरी अडचण हद्दीची आहे. ‘घटना आमच्या हद्दीत घडली नाही’ हे उत्तर आता ग्राह्य नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्याने नोंदवून घ्यावी आणि नंतर संबंधित ठाण्याकडे पाठवावी, अशी तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे.

तिसरी अडचण समुपदेशनाच्या हेतूची आहे. काही ठिकाणी समुपदेशन म्हणजे कसेही करून समेट, असे समीकरण झाले आहे. हिंसा थांबल्याची खात्री नसताना घडवून आणलेला समेट म्हणजे त्या स्त्रीला पुन्हा त्याच धोक्यात लोटणे होय.

ख्रिस्ती विवाह आणि विभक्त राहण्याचा प्रश्न

विवाहबंधन अविच्छेद्य आहे, मग मार सोसत राहणे हा आपला क्रूसच नव्हे काय, असे अनेक श्रद्धाळू भगिनींना वाटते. ख्रिस्तसभेची ही शिकवण नाही. कॅनन लॉच्या ११५३ व्या कलमानुसार, जोडीदारामुळे स्वतःच्या वा मुलांच्या आत्म्याला किंवा शरीराला गंभीर धोका असेल, तर विभक्त राहण्यास वैध कारण मिळते. विलंबात धोका असेल, तर धर्माधिकाऱ्यांच्या निर्णयापूर्वी स्वतःच्या अधिकारातही वेगळे होता येते. विवाहबंधन कायम राहते. एका छताखाली राहण्याची सक्ती राहत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ‘अमोरिस लेतीसिया’ या २०१६ च्या प्रबोधनपत्रात स्त्रीवरील हिंसा हे पुरुषी सामर्थ्य नसून भ्याडपणा असल्याचे प्रतिपादन केले आहे. दुबळ्या जोडीदाराच्या व मुलांच्या रक्षणासाठी विभक्त होणे प्रसंगी नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरते, हेही त्यांनी मान्य केले आहे.

नागरी कायद्यानेही ख्रिस्ती स्त्रीवर दीर्घकाळ अन्याय केला. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यानुसार केवळ क्रूरतेच्या कारणावरून तिला दाद मिळत नसे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि २००१ साली संसदेने कायदा सुधारला. मात्र २००५ च्या कायद्याखाली संरक्षण, निवास वा पोटगी मागण्यासाठी घटस्फोट घेण्याची मुळीच आवश्यकता नाही. नागरी घटस्फोट नको असलेल्या कॅथलिक स्त्रीने ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

धर्मग्रामाने काय करावे?

शमुवेलच्या दुसऱ्या ग्रंथातील तामारेची कथा आपल्या प्रवचनांत फारशी येत नाही. सावत्र भाऊ अम्नोन तिच्यावर बलात्कार करतो. सख्खा भाऊ आबशालोम तिला गप्प राहायला सांगतो. पिता दावीद राजा संतापतो, परंतु करत काहीच नाही. न्याय न मिळालेली तामार भावाच्या घरी उद्ध्वस्त आयुष्य कंठते आणि त्या मौनातून पुढे राजघराण्यात रक्तपात होतो. घरच्यांनी दडपलेले दुःख आणि सत्ताधाऱ्याची निष्क्रियता यांचे इतके स्पष्ट चित्रण अन्यत्र क्वचितच आढळेल. संताप हे साहाय्य नव्हे, हा त्या कथेचा धडा आहे.

भारतीय बिशप परिषदेने २००८ साली जमशेदपूर येथील महासभेत स्त्रियांच्या सक्षमीकरणाचा विषय घेतला आणि २०१० साली भारतीय कॅथलिक ख्रिस्तसभेचे लिंगभाव धोरण प्रसिद्ध झाले. त्या धोरणाला धर्मग्रामाच्या पातळीवर हातपाय मिळावेत म्हणून पुढील गोष्टी करता येतील.

पहिली : तालुक्याचे संरक्षण अधिकारी, जवळचे सखी केंद्र, पोलीस ठाणे, शासकीय रुग्णालय आणि विधी सेवा प्राधिकरण यांचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक चर्चच्या सूचनाफलकावर लावावेत व दर सहा महिन्यांनी तपासावेत.

दुसरी : महिला मंडळातील दोन-तीन विश्वासू भगिनींनी या कार्यालयांना प्रत्यक्ष भेट देऊन ओळख करून घ्यावी. संकटातील स्त्रीला नुसता पत्ता देण्यापेक्षा तिच्यासोबत जाणे अधिक मोलाचे असते.

तिसरी : ऐकून घेताना ‘तू काय केलेस?’ हा प्रश्न विचारू नये. पतीला समोर बसवून चौकशी करू नये. तिचे म्हणणे तिच्या अनुमतीशिवाय अन्य कोणालाही सांगू नये.

चौथी : प्रौढ स्त्रीने तक्रार करावी की नाही, हा निर्णय तिचा आहे. पीडित व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल, तर मात्र २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. तेथे चर्चच्या वा कुटुंबाच्या प्रतिष्ठेचा विचार आड येऊ देऊ नये.

पाचवी : विवाहपूर्व शिबिरांत वधूवरांना या कायद्याची माहिती द्यावी. इफिसकरांस पत्रातील पतिपत्नीविषयक उताऱ्यावर प्रवचन करताना त्याची सुरुवात परस्पर-अधीनतेने होते, हे आवर्जून सांगावे.

लक्षात ठेवावयाचे क्रमांक

११२ : तातडीची पोलीस व अन्य मदत
१८१ : महिला हेल्पलाइन
१०९८ : बालकांसाठी मदत
१५१०० : मोफत कायदेशीर साहाय्य

शासनाने उभारलेल्या यंत्रणेतील उणिवा दाखवून देणे हे नागरिक म्हणून आपले कर्तव्य आहे. त्याचबरोबर त्या यंत्रणेपर्यंत पोहोचण्याची वाट आपल्या धर्मग्रामातून जाते, याचेही भान असावे. पुष्कळ भगिनी आपले दुःख प्रथम धर्मगुरूला, धर्मभगिनीला किंवा मिस्सानंतर भेटलेल्या मैत्रिणीला सांगतात. त्या क्षणी तिला प्रार्थनेचे आश्वासन अवश्य द्यावे आणि त्याच दिवशी तिच्यासोबत पुढच्या दारापर्यंत जावे.