इथे सही करा

इंदूरच्या अन्नपूर्णा रोडवरच्या एखाद्या नर्सिंग होममध्ये ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी एक छापील कागद पुढे येतो. टाइप बारीक, मधल्या रिकाम्या जागेत पेशंटचं नाव पेनाने भरलेलं. सिस्टर बोट ठेवून सांगते, "अंकल, यहाँ साइन कर दो, और यहाँ रिश्तेदार की." अंकल म्हणजे लोकमान्य नगरातले आपले कुणीतरी काका. चष्मा कपाटात राहिलेला असतो, पण सही होते. एरवी दुधाच्या हिशोबातला एक रुपया न सोडणारा हा माणूस आयुष्यातला सर्वांत गंभीर कागद न वाचता परत देतो.

ऑपरेशनच्या कागदाचं घराणं कोर्टकचेऱ्यांतलं आहे. रुग्णाच्या परवानगीशिवाय शस्त्रक्रिया करणं म्हणजे त्याच्या अंगावर हात टाकणं, हे न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९१४ साली सांगितलं आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात ठणकावलं. त्याचा थोरला भाऊ म्हणजे औषधाच्या किंवा लशीच्या चाचणीत भाग घेणाऱ्याचं संमतीपत्र. त्याची कुळकथा जास्त रंजक आहे, कारण ती सुरू होते क्यूबात, भारतात कधीच न आलेल्या एका तापापासून, आणि तिचं एक मोठं प्रकरण घडतं आपल्या इंदूरात.

तो ताप म्हणजे पीतज्वर, यलो फीवर. कावीळ, काळी उलटी आणि पुष्कळदा मृत्यू. १८८१ साली हवानाच्या कार्लोस फिनले या डॉक्टरने सांगितलं की हा रोग डासामुळे पसरतो. त्याने बोट ठेवलेला डास नेमका आज इंदूरात डेंगू पसरवणारा, एडीस इजिप्ती. फिनलेचं म्हणणं वीस वर्षं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे स्पेनशी झालेल्या युद्धानंतर क्यूबा अमेरिकी लष्कराच्या ताब्यात आला आणि सैनिक या तापाने मरू लागले, तेव्हा १९०० साली वॉल्टर रीड यांच्या हाताखाली चौघांचं मंडळ नेमलं गेलं: रीड, जेम्स कॅरोल, जेसी लेझियर आणि मूळचे क्यूबाचे अरिस्टिडीस अग्रामॉन्ते.

अडचण अशी की तेव्हा पीतज्वर होणारा प्रयोगाचा प्राणी कुणाला माहीत नव्हता. म्हणजे डास चावून पाहायचा तो माणसालाच. ऑगस्टमध्ये कॅरोल यांनी स्वतःला डास चावून घेतला आणि ते मरता मरता वाचले. लेझियर वाचले नाहीत. २५ सप्टेंबर १९०० रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. मृत्यूच्या थोडंच आधी त्यांनी पत्नीला लिहिलेलं पत्र टिकलं आहे. खऱ्या जंतूचा माग लागला आहे, पण कुणाजवळ अवाक्षर काढायचं नाही, असा त्याचा आशय. डास त्यांना चुकून चावला की त्यांनी मुद्दाम चावून घेतला, याचा निकाल त्यांच्या टिपणवहीतून लागला असता. ती वही मात्र १९०२ साली रीड वारल्यानंतर त्यांच्या कार्यालयातून नाहीशी झाली, ती आजतागायत सापडलेली नाही. सहकाऱ्याचा असा बळी गेल्यावर पुढची माणसं बोलावताना हातात काहीतरी लेखी असावं, असं रीड यांना वाटणं साहजिकच.

त्यांना आणखी एक भीती होती. तीनच वर्षांपूर्वी ज्युसेप्पे सानारेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने आपल्याला पीतज्वराचा जंतू सापडल्याचा दावा करून तो रुग्णांना टोचला होता, त्यांना न विचारता. नामवंत डॉक्टर विल्यम ऑस्लर यांनी त्याला सरळ गुन्हा ठरवलं होतं. म्हणजे कागद जन्माला आला तो माणसाच्या काळजीपोटी आणि अंगावर येऊ शकणाऱ्या टीकेच्या धास्तीपोटी, दोन्ही एकदमच. हे दोन बाप लक्षात ठेवायला हवेत. पुढची सगळी भांडणं त्यांच्यातलीच आहेत.

२० नोव्हेंबर १९०० रोजी हवानाजवळ प्रयोगाची छावणी उभी राहिली. तिला लेझियर यांचंच नाव दिलं. अमेरिकी सैनिक स्वेच्छेने आले, पण जास्त माणसं हवी होती, ती मिळाली स्पेनहून नुकत्याच बोटीतून उतरलेल्या गरीब तरुणांत. त्यांच्यातल्या अँटोनिओ बेनिग्नोचा २६ नोव्हेंबर १९०० चा करार आज पाहायला मिळतो. स्पॅनिशमध्ये लिहिलेला, सोबत इंग्रजी भाषांतर. आपण पंचवीस वर्षांवरचे आहोत आणि स्वखुशीने या प्रयोगात येतो आहोत, असं त्यात तो म्हणतो. ताप आला तर जीव काही अंशी धोक्यात येईल हे आपल्याला पुरतं कळलं आहे. मात्र या बेटावर राहून ताप टळणं अशक्यच असल्याने, उत्तम उपचारांच्या भरवशावर तो मुद्दाम ओढवून घेणं आपण पसंत करतो. मोबदला सोन्याच्या नाण्यांत शंभर डॉलर, आजारी पडलं तर आणखी शंभर. छावणी सोडून गेलं तर पैसे बुडाले. आणि मेलं तर रक्कम तो सांगेल त्या माणसाला पोचती केली जाईल.

वाचताना दोन भावना मनात येतात. पहिली कौतुकाची. मोजक्याच वाक्यांत धोका, मोबदला, उपचार आणि वारस, सगळं येतं आणि तेही सही करणाऱ्याच्या भाषेत. दुसरी भावना संशयाची. ताप टळणं अशक्यच आहे, हे वाक्य अँटोनिओने लिहिलेलं नाही, त्याच्या तोंडी घातलेलं आहे. 'काही अंशी' धोका हे शब्दही मवाळच. त्या काळी पीतज्वराच्या साथीत कितीजण मरत होते हे रीड यांना चांगलं ठाऊक होतं. बोटीतून उतरलेल्या फाटक्या खिशाच्या पोरापुढे शंभर डॉलरचं सोनं ठेवलं, की 'स्वखुशी' किती उरते? त्या छावणीत एकही स्वयंसेवक दगावला नाही, म्हणून कागदाची अब्रू राहिली. वर्षभरातच, २४ ऑगस्ट १९०१ रोजी, हवानात दुसऱ्या डॉक्टरच्या प्रयोगात क्लारा मास ही पंचवीस वर्षांची अमेरिकी परिचारिका शंभर डॉलरच्या मोबदल्यावर डास चावून घेऊन मेली, तेव्हा तिथले माणसांवरचे प्रयोग थांबले. डासाचा गुन्हा तोवर सिद्ध झाला होता आणि डास मारल्यावर हवाना पीतज्वरमुक्त झालं.

हा करार आपल्यापर्यंत पोचला तो एका संधिवाताच्या डॉक्टरच्या हट्टामुळे. कॉर्टिझोनच्या कामासाठी १९५० चं नोबेल मिळवणारे फिलिप हेंच यांना रीड यांच्या मोहिमेचा इतिहास लिहायचा होता. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ते हयात स्वयंसेवकांना पत्रं लिहीत राहिले, विधवांच्या ट्रंका उघडून घेतल्या, क्यूबात जाऊन छावणीची नेमकी जागा शोधली. पुस्तक काही झालं नाही. १९६५ साली हेंच गेले आणि त्यांच्या पत्नीने सगळे कागद व्हर्जिनिया विद्यापीठाला दिले. सरकारी अहवालात डास आणि तापमान सापडतं. पैशांची बोली, रीड यांनी ३१ डिसेंबर १९०० च्या मध्यरात्री शतक उलटताना पत्नीला लिहिलेलं पत्र, लेझियर यांची कुजबुज, हे सगळं या खाजगी दप्तरातच आहे.

आपल्याकडे त्याच सुमारास काय चाललं होतं? मुंबईत प्लेगची लस करणाऱ्या हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग ती भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांवर आजमावली गेली. कैदी आपणहून पुढे आले अशी नोंद आहे. साथ तुरुंगात शिरलेली असताना कोठडीतला माणूस आपणहून काय करतो आणि नाइलाजाने काय, हे नोंद सांगू शकत नाही.

पुढचं जग आपल्याला पाठ्यपुस्तकांतून माहीत आहे: नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता, १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा, आपल्याकडे १९८० साली आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेचं धोरणपत्रक. २००५ साली नियम बदलले आणि परदेशी कंपन्यांना भारतात चाचण्या करणं सोपं झालं. चाचण्या आल्या, तशा इंदूरातही आल्या.

एम.वाय. हॉस्पिटल इंदूरकरांना सांगायला नको. नावाला महाराजा यशवंतराव, पण माळव्यातल्या आसपासच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या गरिबाला फक्त 'एमवाय'. २०१० च्या सुमारास तिथे काम केलेले डॉ. आनंद राय यांनी माहितीच्या अधिकारात कागद मिळवून औषधचाचण्यांचं प्रकरण उघड्यावर आणलं. तेव्हाच्या बातम्यांतले आकडे असे: काही वर्षांत ७३ चाचण्या आणि सुमारे ३,३०० रुग्ण, त्यांतली निम्म्याहून अधिक मुलं. आपल्यावर चाचणी चालू आहे हेच ठाऊक नव्हतं, अशी अनेक कुटुंबांची तक्रार होती. डॉक्टरांचं म्हणणं, सगळं नियमाप्रमाणे झालं, सह्या आहेत. इंदूरातल्याच वेगळ्या एका प्रकरणात, मनोरुग्णांवरच्या चाचण्यांच्या संदर्भात, राज्य सरकारने बारा डॉक्टरांना प्रत्येकी पाच हजार रुपये दंड केला. पाच हजार! त्यावर वेगळं भाष्य नको.

एक गोष्ट मात्र नीट पाहू. दोन्ही बाजू एकाच कागदाकडे बोट दाखवत होत्या. डॉक्टरला सही म्हणजे पुरावा आणि रुग्णाला तीच सही म्हणजे फसवणूक. रीड यांच्या कागदाचे दोन बाप शंभर वर्षांनी इंदूरात समोरासमोर उभे राहिले ते असे.

इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. जानेवारी २०१३ मध्ये न्यायालयाने नव्या रासायनिक औषधांच्या चाचण्या आरोग्य सचिवांच्या देखरेखीखाली आणल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस भरपाईचे नियम आले आणि संमतीपत्राच्या नमुन्यात नव्या ओळी आल्या: व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, आणि मृत्यू झाल्यास भरपाई कुणाला द्यायची त्या वारसाचं नाव-पत्ता. अँटोनिओच्या कागदावर जे १९०० साली होतं ते भारतीय कागदावर यायला २०१३ उजाडलं. त्याच वर्षी संमती घेतानाचं ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचं झालं. माणसाला समजावून सांगितलं का, त्याने प्रश्न विचारले का, हे कॅमेऱ्यात दिसायला हवं. औषध उद्योगाने बरीच कुरकुर केली, मंजुऱ्या मंदावल्या. २०१५ साली सक्ती सैल केली गेली. आता नव्या रेणूंच्या चाचण्यांत दुर्बल गटांतल्या माणसांपुरतंच हे चित्रण लागतं, आणि एचआयव्ही किंवा कुष्ठरोगावरच्या औषधांत नुसतं ध्वनिमुद्रण. २०१९ च्या नियमांतही तेच कायम आहे.

माझं मत विचाराल तर कॅमेऱ्यापेक्षा जास्त कामाचे काही साधे नियम आहेत आणि ते कुणी मागत नाही. चाचणीचं माहितीपत्रक रुग्णाला समजेल अशा भाषेत असलं पाहिजे. वाचता येत नसेल तर ज्याचा चाचणीशी संबंध नाही असा साक्षीदार हजर हवा. आणि सही झालेल्या कागदाची एक प्रत त्याला घरी नेता आली पाहिजे. क्यूबातला इतिहास कळला तो कागद टिकल्यामुळे. एमवायच्या प्रकरणात कुटुंबांकडे दाखवायला फारसं काही नव्हतं, फायली सगळ्या दुसऱ्याच्या कपाटात.

तेव्हा डॉक्टरांनी कधी "एक नवं औषध आहे, फुकट मिळेल" असं सांगितलं, तर औषध घ्यायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मात्र मराठी किंवा हिंदीतला कागद मागून घ्या, वारसाची ओळ कोरी सोडू नका, आणि प्रत हातात पडल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. घरी नेल्यावर ती रेशनकार्डाच्याच पिशवीत ठेवा.