नीलवंडाचा प्रवास

लंडनच्या पश्चिमेस असलेल्या क्यू येथील वनस्पतिउद्यानात दर हिवाळ्याच्या अखेरीस ऑर्किडांचे प्रदर्शन भरते. बाहेर झाडे निष्पर्ण उभी असतात, आणि काचगृहात उष्ण प्रदेशांतील फुलांची आरास मांडलेली असते. आपल्याकडे या वनस्पतींना आमर म्हणतात; सह्याद्रीतील ‘सीतेची वेणी’ याच कुळातली. २०१७ साली या प्रदर्शनाचा विषय भारत हा होता. क्यू आणि भारतीय ऑर्किडे यांचा संबंध मात्र त्याहून पुष्कळ जुना आहे, आणि तो सर्वस्वी सुखाचा नाही.

१८५० साली जोसेफ हूकर हा वनस्पतिशास्त्रज्ञ आसामलगतच्या खासी टेकड्यांत हिंडत होता. त्याचे वडील त्या वेळी क्यूचे संचालक होते. तेथील ओकच्या रानात त्याला नीलवंडा आढळला. आकाशी रंगाच्या फुलांचे त्याचे तुरे वाऱ्यावर डोलत होते. क्यूसाठी त्याने सात हमालांचे ओझे भरेल इतकी रोपे गोळा केली. त्यांतील थोडीच इंग्लंडात जिवंत पोहोचली. दुसऱ्या एका गृहस्थाने आपल्या माळ्याकरवी एका माणसाचे ओझे पाठविले. ती रोपे वाईट अवस्थेत पोहोचली, तरी त्यांचे ३०० पौंड आले.

हूकरने १८५४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात हे हिशेब दिले आहेत. एखाद्या उद्योगी संग्राहकाला एका हंगामात दोन-तीन हजार पौंड सहज मिळतील, असेही त्याने नमूद केले. पण त्याच ठिकाणी त्याने आणखी एक गोष्ट सांगितली होती. नीलवंडा वाढतो तो विरळ पानांच्या, खुरट्या झाडांवर. ऊन, पाऊस आणि वारा अंगावर घेत. इंग्लंडात त्याला कोंदट उष्णतेत ठेवीत, ते त्याच्या स्वभावाच्या अगदी विरुद्ध होते. एकाच लेखणीतून रोप जगविण्याची युक्ती आणि त्याची किंमत, अशा दोन्ही गोष्टी बाहेर पडल्या. किमतीची हाक अधिक मोठी ठरली, आणि पुढे रानेच्या राने ओरबाडली गेली.

रानावरील हा भार हलका होण्यास बियांचे कोडे सुटावे लागले. ऑर्किडाचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते. त्यात अन्नसाठा नसतो. रुजण्यासाठी त्याला बुरशीची सोबत लागते, हे फ्रान्समधील नोएल बर्नार याने १८९९ साली ओळखले. १९२२ साली अमेरिकेतील लुईस नुडसन याने बुरशीऐवजी साखर पुरविली आणि बंद काचपात्रात बी रुजविले. त्यानंतर रोपवाटिकांना रानावर विसंबण्याचे कारण उरले नाही.

कायदा मात्र उशिरा आला. भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने नीलवंडाला संरक्षण मिळाले. हूकरच्या त्या सात ओझ्यांनंतर तोवर १४१ वर्षे लोटली होती. प्रदर्शनातील फुले पाहताना हा काळही ध्यानात घ्यावयास हवा.