व्यसन : दंडाकडून उपचाराकडे

पूर्वीच्या काळी ज्ञातिसभेपुढे एखाद्याच्या मद्यपानाचे प्रकरण आले, की निवाड्याच्या पायऱ्या ठरलेल्या असत. प्रथम कानउघाडणी, नंतर दंड आणि तेवढ्यानेही भागले नाही तर पंक्तीबाहेर. महाराष्ट्रातील कित्येक ज्ञातींत ही रीत होती. तिच्यामागील हेतू कुटुंबाच्या रक्षणाचा होता, याविषयी शंका नाही. परंतु व्यसन म्हणजे निव्वळ दुर्वर्तन, या समजुतीवर ती उभी होती. ही समजूत कशी पालटत गेली आणि तिचा आपल्या घरांशी काय संबंध आहे, हे ज्ञातिबांधवांपुढे थोडक्यात मांडण्याचा आमचा विचार आहे.

इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारीचा कायदा झाला. मद्य गाळणे व विकणे सरकारी नियंत्रणाखाली आले आणि त्याचे उत्पन्न सरकारी तिजोरीचा मोठा आधार बनले. पुण्यात वाढलेल्या गुत्त्यांमुळे संसार कसे धुळीस मिळत आहेत, याकडे जोतीराव फुले यांनी १८८० साली नगरपालिकेच्या अध्यक्षांस पत्र लिहून लक्ष वेधले. पुढे १९०८ साली लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात गुत्त्यांसमोर स्वयंसेवक उभे राहिले आणि त्यांतील काहींस शिक्षाही झाल्या. या थोरांची दृष्टी गुत्त्यावर होती, आणि त्या काळी ते रास्तच होते.

स्वराज्यात मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला व १९५० पासून बंदी राज्यभर लागू झाली. हातभट्ट्या मात्र चोरून चालूच राहिल्या आणि महाराष्ट्रात १९६० नंतरच्या दशकात हे निर्बंध सैल करण्यात आले. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीतून १९९३ साली जिल्हाबंदी आली. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. बंदीसाठी झटलेल्या मायभगिनींचे श्रम आम्ही थोर मानतो. तथापि कायदा बाटलीला अडवू शकतो. ज्याचे शरीर त्या बाटलीचे दास झाले आहे, त्यास मुक्त करण्याचे काम वेगळे आहे.

या वेगळ्या कामाचा पाया वैद्यकाने घातला. स्वीडनमधील वैद्य मॅग्नस हुस यांनी १८४९ साली दीर्घकालीन मद्यपानाने होणाऱ्या विकारांचे वर्णन करून त्यांस एका रोगाचे नाव दिले. पुढे १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन शहरी बिल विल्सन हे शेअर दलाल व डॉ. बॉब स्मिथ हे शल्यवैद्य यांची गाठ पडली. दोघेही मद्याने गांजलेले. एका मद्यपीने दुसऱ्याजवळ मन मोकळे केले असता तलफ टळते, हा अनुभव त्यांस आला आणि त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही संघटना जन्मास आली. भारतात तिच्या सभा १९५७ साली सुरू झाल्या. येथे फी नाही, आडनाव विचारीत नाहीत, दंड तर नाहीच. फक्त आजचा दिवस न पिण्याचा संकल्प!

आपल्याकडे १९८० नंतर गर्दने शहरांतील तरुणांस ग्रासले. अनिल अवचट यांनी त्यावर लेखमाला लिहिली. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट या मनोविकारतज्ज्ञ होत्या. पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. तेथे व्यसनी मनुष्यास रुग्ण मानून औषधोपचार, समुपदेशन व कुटुंबीयांचे सहकार्य यांची सांगड घालण्यात आली. व्यसनातून सुटलेले मित्रच तेथे नव्यांचे मार्गदर्शक झाले.

आता रोग ओळखावा कसा? ठरविलेल्या प्रमाणावर थांबता न येणे. तीच नशा येण्यास अधिक मात्रा लागणे. मिळाले नाही तर हात थरथरणे, घाम फुटणे, झोप उडणे. कामधंदा व घर यांकडे दुर्लक्ष होणे. आणि नुकसान उघड्या डोळ्यांनी दिसूनही न सोडवणे. अशा एकाहून अधिक खुणा दिसल्यास डॉक्टरांकडे जावे. बहुत वर्षांच्या मद्यपीने घरच्या घरी एकाएकी मद्य सोडणे धोक्याचे असते. झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी प्राणावरही बेतते. म्हणून शपथ घालण्यापूर्वी वैद्य गाठावा. बरे झालेला पुन्हा घसरला तर आता सारे संपले, असे समजू नये. मधुमेहाप्रमाणे हाही पुन्हा डोके वर काढणारा विकार आहे. उपचार पुन्हा सुरू करावेत.

आम्ही आयुष्यभर शिक्षकी केली. घरचे दुःख मुलाच्या तोंडून नव्हे, त्याच्या वहीतून कळते, हे आम्ही पाहिले आहे. हुशार मुलाचा अभ्यास एकाएकी मागे पडावा, पालकसभेस त्याची आईच नेहमी एकटी यावी, आणि विचारले असता ‘वडील फिरतीवर असतात’ हे ठरलेले उत्तर मिळावे! घरे हे झाकतात, ते का? धाकट्या बहिणीचे लग्न व्हावयाचे असते. वधूवरांच्या माहितीत ‘निर्व्यसनी’ हा शब्द आपण सारेच शोधतो. त्या शब्दाच्या भयाने रोग दहा वर्षे दडविला जातो, आणि उपचारास नेण्याची वेळ येते तेव्हा यकृत निकामी झालेले असते.

दंड व बहिष्कार यांचे दिवस सरले. बहिष्कार तर आज कायद्यानेही गुन्हा आहे. परंतु कुजबुजीचा बहिष्कार अद्याप सरलेला नाही. मंडळाने वैद्यकीय साहाय्यनिधीतून व्यसनोपचारासही मदत द्यावी, ती देताना नाव गुप्त राखावे, आणि जो बरा होऊन आला त्यास स्नेहसंमेलनात सन्मानाने पंक्तीस बसवावे, अशी आमची नम्र सूचना आहे. ज्या ज्ञातीने एके काळी माणसास पंक्तीतून उठविले, तिनेच आता त्याच्यासाठी पाट मांडावा.