टोप्या कोणी बनवायच्या?

१८१७ मध्ये डेव्हिड रिकार्डोने मुक्त व्यापारावर लिहिताना एका तळटीपेत दोन कारागीर उभे केले. पहिला दोन्ही कामांत सरस: टोप्यांत २० टक्के, बुटांत ३३ टक्के. मग त्याने फक्त बूट बनवावेत, दुसऱ्याने टोप्या, फायदा दोघांचाही. म्हणजे सगळ्यात मागे असलात तरी बाजारात तुम्हाला जागा आहे. दिलासाच की!

पण दुसरा मागे का, हे तिथे रिकार्डो विचारत नाही. ॲडम स्मिथने १७७६ मध्येच लिहिलं होतं: हमाल आणि तत्त्वज्ञ सहा-आठ वर्षांचे होईपर्यंत जवळपास सारखेच असतात. पुढचा फरक मुख्यतः सवयीचा, शिक्षणाचा.

म्हणून ‘तुम्ही टोप्याच बनवा’ असं कुणी म्हटलं, तर हिशेब मान्य करा. पण विचारा: बूट शिकायची संधी मला कधी मिळाली होती?