एका कलेचं भांडण

तुम्ही हे वाचताय त्या स्क्रीनवरचे ठिपके सुटे दिसत नाहीत. २०१० साली आयफोन ४ आला, तेव्हा इंचाला ३२६ पिक्सेल असलेल्या त्याच्या स्क्रीनला 'रेटिना' म्हटलं गेलं. फूटभर अंतरावरून माणसाच्या डोळ्याला याहून बारीक काही दिसत नाही, असा तो दावा. त्यामागचं माप मात्र साडेतीनशे वर्षं जुनं आहे.

१६७४ साली लंडनच्या रॉबर्ट हूकने छापून टाकलं की, एका कलेपेक्षा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापेक्षा, कमी अंतरावरचे दोन बिंदू साधारण डोळ्याला वेगळे दिसत नाहीत. एक कला म्हणजे साडेतीन मीटरवरून एक मिलिमीटर. हूकचा रोख होता योहान्स हेवेलियसवर. डान्झिगचा (आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क) हा बिअर गाळणारा व्यापारी घराच्या छतावरून, दुर्बिणीविना, ताऱ्यांच्या जागा मोजायचा. हूकच्या हिशेबाने ती सगळी मेहनत जुनाट ठरत होती.

१६७९ मध्ये बावीस वर्षांचा एडमंड हॅली दुर्बीण लावलेलं उपकरण घेऊन डान्झिगला गेला. दोघांनी शेजारी बसून मोजलं. म्हाताऱ्याची मापं पुन्हा पुन्हा घेतली तरी कलेच्याही आत जुळत होती! हॅलीने तसं लिहून दिलं.

मग हूक चुकला का? मला तसं वाटत नाही. १८६२ मध्ये स्नेलेनने डोळे तपासायचा तक्ता केला, तो याच एका कलेवर उभा आहे. पण दोन बिंदू वेगळे ओळखणं निराळं आणि एखादी गोष्ट दुसरीच्या रेषेत आहे का हे पाहणं निराळं. दुसऱ्या कामात डोळा पाच-दहा विकलांचा, म्हणजे कलेच्या सहाव्या भागाचा किंवा त्याहून लहान फरकही पकडतो. १८९९ मध्ये एवाल्ड हेरिंगने त्याचं कारण मांडलं: रेषेची जागा पडद्यावरच्या अनेक पेशी मिळून ठरवतात. हेवेलियस नेमकं हेच करत होता. तारा आणि उपकरणाची कड जुळवत होता.

पुढे दुर्बीणच जिंकली, आणि ते योग्यच झालं. पण हूकचा आकडा खरा असूनही त्यावरून एका माणसाच्या आयुष्यभराच्या कामाचा लावलेला निकाल चुकीचा होता. आकडा बरोबर आहे का, एवढं विचारून भागत नाही. तो कशाचा आहे, हेही विचारावं लागतं.